जाळं की कचरा?

२०१६चा जून. पावसाळी मासेमारीबंदी लागून आठवडा झाला होता. वेसाव्याच्या, म्हणजे वर्सोव्याच्या, किनाऱ्यावर होड्या वर ओढून ठेवलेल्या होत्या आणि आम्ही राष्ट्रीय सेवा योजनेची वीसेक मुलं घेऊन शनिवारच्या सफाईला उतरलो होतो. मुंबईत एका सत्रापुरती शिकायला आलेली एक युरोपीय विद्यार्थिनीही त्या दिवशी आमच्यात होती. वाळूत अर्धवट रुतलेला निळ्या-हिरव्या नायलॉनचा एक मोठा गुंता तिला दिसला. एक टोक तिने धरलं, दुसरं मी. दोघांनी जोर लावून तो उपसला आणि ओढत ढिगाकडे नेऊ लागलो. इतक्यात मागून आवाज आला, "ए बाय, ठेव ते! जालं हाय ते, कचरा नाय!"

लुगड्याचा काष्टा सावरत एक मावशी धावत येत होत्या. बंदीच्या दोन महिन्यांत दुरुस्त करायचं म्हणून बाजूला काढून ठेवलेलं ते डोल जाळं होतं. त्या मुलीने ते विस्तव हातात आल्यासारखं टाकलं. मी घाईघाईने तिच्या वतीने माफी मागितली, "परदेशी आहे, तिला माहीत नाही." मावशींनी माझ्याकडे बघितलं आणि एवढंच विचारलं, "आनि तुमी?"

मी यारी रोडवर राहतो. त्या वेळी तिथे राहून बावीस वर्षं झाली होती. आठवड्यातून दोनदा बोंबील खाणारा माणूस. ज्या जाळ्यातून ते बोंबील येतात ते जाळं मला ओळखता आलं नव्हतं. ती मुलगी हजारो किलोमीटरवरून आली होती, मी दहा मिनिटं चालून. जाळ्यापासून आम्ही दोघं सारखेच लांब होतो.

पुढचा तासभर आम्ही कचरा उचलला नाही. मावशींनी आम्हाला होडीच्या सावलीत बसवलं आणि फाटलेलं पण सांधता येणारं जाळं कोणतं, समुद्राने कुठूनतरी आणून टाकलेला निकामी तुकडा कोणता, हे हातात देऊन दाखवलं. दोन्ही दिसायला सारखीच. पण पहिलं म्हणजे एका घराचा पुढच्या हंगामाचा रोजगार. दुसरं कासवांच्या आणि माशांच्या गळ्याला लागणारा फास. उचलायला हवंच होतं, पण ते दुसरं. त्यानंतर आमच्या गटाने एक नियम केला : जाळं दिसलं की आधी विचारायचं, मग हात लावायचा.

या पुस्तकाला प्रस्तावना लिहायला बसलो तेव्हा पहिल्यांदा हाच प्रसंग आठवला, कारण पुस्तकातली बहुतेक टिपणं कुठल्या ना कुठल्या प्रकारे 'जाळं की कचरा' याच प्रश्नापाशी येऊन थांबतात. अंधेरी-वर्सोवा पट्ट्यातल्या कॉलेजांत शिकलेल्या आणि शिकत असताना किंवा शिक्षणाला लागून परदेशी स्वयंसेवेला गेलेल्या मुलामुलींनी ती लिहिली आहेत. कोणी तिकडे पदवीला होतं आणि शनिवार-रविवार तिथल्या अन्नछत्रात वाढायला जात होतं, कोणी सुट्टीतले सहा आठवडे खारफुटीच्या रोपवाटिकेत घालवले, कोणी वृद्धाश्रमात वर्ष काढलं. लेखकांची नावं त्यांच्याच इच्छेने छापलेली नाहीत. फजितीचं लिहायचं असेल तर नाव नको, असं त्यांचं म्हणणं पडलं. ते मी आनंदाने मान्य केलं, कारण मला फजितीचंच हवं होतं.

"कशाला या लष्कराच्या भाकऱ्या?" हा प्रश्न यातल्या प्रत्येकाला घरी ऐकावा लागला आहे. शिकायला जातोस तर शीक. कर्ज काढून पाठवतोय, ते फुकट राबायला नव्हे. पालकांचा हा प्रश्न मला चुकीचा वाटत नाही. पण मराठी मुलखातून शिकायला बाहेर पडलेल्या माणसांचा इतिहास पाहिला तर शिकणं आणि कोणाच्या तरी उपयोगी पडणं या दोन गोष्टी पहिल्यापासून एकाच ट्रंकेत बांधलेल्या दिसतात.

आनंदीबाई जोशी एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या तेव्हा त्यांचं वय १८ होतं. निघण्याआधी कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूर इथे जमलेल्या लोकांसमोर त्यांनी आपण का जातो आहोत ते जाहीरपणे सांगितलं : इथल्या बायकांना बाई डॉक्टर हवी आहे आणि ते शिक्षण इथे मिळत नाही. गरज कोणाची, ती किती, हे त्यांना स्वतःच्या आयुष्यातून कळलेलं होतं. वयाच्या चौदाव्या वर्षी झालेलं मूल त्यांनी दहा दिवसांत गमावलं होतं. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजातून त्या एम.डी. झाल्या. प्रबंधाचा विषयही हिंदू स्त्रियांमधलं प्रसूतिशास्त्र हाच होता. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात नेमणूक झाली, पण काम सुरू होण्याआधीच, फेब्रुवारी १८८७ मध्ये, पुण्यात त्यांचा अंत झाला. त्यांच्या पदवीदान समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. रमाबाईंनी अमेरिकेत बालोद्यानाची शिक्षणपद्धती शिकून घेतली, ठिकठिकाणी व्याख्यानं देऊन पैसा उभा केला आणि मार्च १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं. त्याच वर्षी अमेरिकेच्या लोकस्थितीवरचं त्यांचं मराठी पुस्तकही आलं. बाहेर जे पाहिलं ते घरच्या भाषेत परत आणून देणं हीसुद्धा सेवाच, हे त्यांच्याकडून शिकावं.

बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. परतल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानाची नोकरी करायची, असा करार होता. करार पाळायला ते १९१७ मध्ये बडोद्याला पोचले, तर गावात राहायला जागा मिळेना. नाव लपवून ज्या पारशी पथिकाश्रमात उतरले तिथूनही काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढलं. परदेशात विद्यार्थी म्हणून उघड वावरलेला माणूस आपल्या मुलखात परका ठरला. 'परदेश' हा शब्द नकाशावरच्या अंतराने मोजायचा नसतो. माझ्या बाबतीत तो दहा मिनिटांवर निघाला, ही तर फारच सौम्य गोष्ट.

आणि मग द्वारकानाथ कोटणीस. सोलापूरचा मुलगा, मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झालेला. पुढच्या शिक्षणाचे बेत चालू असताना काँग्रेसने जपानी आक्रमणाशी लढणाऱ्या चीनला वैद्यकीय पथक पाठवायचं ठरवलं आणि १९३८ मध्ये पाच डॉक्टरांत तेही निघाले. नागपूरचे डॉ. चोळकरही त्या पथकात होते. कोटणीसांची गोष्ट आपल्याकडे सिनेमामुळे माहीत आहे. व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये ती पडद्यावर आणली. मला मात्र त्यातलं एक साधं काम फार मोठं वाटतं : ते चिनी भाषा शिकले. नुसती रुग्णाला 'कुठे दुखतं' विचारण्यापुरती नव्हे, तर तिथल्या विद्यार्थ्यांना वैद्यक शिकवता येईल इतकी. पथकातले बाकीचे परतले, हे राहिले. आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले, तिथल्याच परिचारिकेशी लग्न केलं आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२व्या वर्षी, तिथेच गेले. 'के दिहुआ' या चिनी नावाने लोक त्यांना आजही ओळखतात. प्रत्येकाने कोटणीस व्हावं असं कोणी म्हणणार नाही. पण सहा आठवड्यांसाठी जाणाऱ्यानेही सहा आठवड्यांत मावेल एवढी भाषा शिकावी, हे मागणं जास्त नाही.

ही झाली जाणाऱ्यांची बाजू. या विषयाला दुसरीही बाजू आहे, ती घेणाऱ्याची, आणि तीही महाराष्ट्राने पाहिलेली आहे. पिअर सेरेसोल या स्विस इंजिनिअरने पहिल्या महायुद्धानंतर, १९२० मध्ये, फ्रान्समधल्या व्हर्दूंजवळच्या उद्ध्वस्त गावात निरनिराळ्या देशांच्या तरुणांना घेऊन घरं बांधायला सुरुवात केली. त्यांत जर्मनही होते. कालच्या शत्रूने हातात फावडं घेऊन यावं ही कल्पना गावाला पचली नाही आणि काही महिन्यांत काम थांबवावं लागलं. हेतू कितीही निर्मळ असला तरी समोरच्याच्या जखमेला विचारल्याशिवाय हात लावता येत नाही, हा धडा त्या चळवळीला पहिल्याच छावणीत मिळाला. १९३४च्या बिहार भूकंपानंतर हेच सेरेसोल सोबत्यांसह भारतात आले आणि मुझफ्फरपूर भागात त्यांनी गावं उभारायला मदत केली. पुढे १९५०च्या दशकात त्यांच्याच 'सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल'चे देशोदेशींचे स्वयंसेवक वरोऱ्याला बाबा आमट्यांच्या आनंदवनात आले आणि विटा-मातीची कामं करून गेले. तिथल्या कुष्ठरोग्यांनी पिकवलेल्या भाजीला तेव्हा वरोऱ्याच्या बाजारात हात लागत नव्हता. हे गोरे पाहुणे तीच भाजी रोज जेवतात हे लोकांनी पाहिलं आणि हळूहळू भीती ओसरली, असं आनंदवनाच्या आठवणींत सांगितलं जातं. म्हणजे त्यांनी उभारलेल्या भिंतींहून त्यांनी तिथे बसून जेवणं अधिक कामाला आलं. भिंत स्थानिक गवंडीही बांधू शकला असता.

घेणाऱ्याची ही बाजू वर्सोव्यानेही अनुभवली. ऑक्टोबर २०१५ मध्ये वकील अफरोज शाह आणि त्यांचे ८४ वर्षांचे शेजारी हरबंश माथुर हे दोघंच किनारा साफ करायला उतरले. प्लास्टिकचा थर माणसाचे पाय रुतावेत एवढा होता. दर शनिवार-रविवारी काम चालू राहिलं, माणसं वाढत गेली. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने शाह यांना 'चॅम्पियन्स ऑफ द अर्थ' हा सन्मान दिला आणि परदेशी पाहुण्यांची रीघ लागली. मार्च २०१८ मध्ये कित्येक वर्षांत इथे न दिसलेली ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्लं याच वाळूतून समुद्राकडे निघाली, तेव्हा सगळ्या जगाने त्याचा व्हिडिओ पाहिला. पण दर पावसाळ्यात भरती पुन्हा कचरा आणून ओतते, आणि तेव्हा किनाऱ्यावर पाहुणे नसतात. एका रविवारी आलेल्या पाहुण्याच्या श्रमाला अर्थ येतो तो सोमवारी आणि पुढच्या शनिवारी इथेच असणाऱ्या माणसांमुळे. पाहुण्याने यावं, जरूर यावं. आपण कोणाच्या चालू कामाला हातभार लावतो आहोत, एवढं त्याला ठाऊक असावं.

कोळीवाड्यापासून जवळच, यारी रोडलगत, १९६१ साली स्थापन झालेली केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. तिथे परदेशांतूनही विद्यार्थी शिकायला येतात. म्हणजे इथल्या मुलांना शिकायला आलेला परदेशी पाहुणा आणि सेवेला आलेला परदेशी पाहुणा, दोन्ही घरबसल्या पाहता येतात. आपण दुसऱ्याच्या दारात उभे राहू तेव्हा कसे दिसू, याची याहून चांगली तालीम कुठे मिळणार? म्हणूनच मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगत असे, मादागास्करचा अर्ज भरण्याआधी मढची फेरी पकड. खाडी ओलांडायला काही मिनिटं लागतात. पलीकडे उतर आणि एखाद्या घरात 'मी काय करू शकतो' असं न विचारता 'तुमचं काय चाललंय' असं विचारून ये.

आता थोडं रोखठोक. परदेशी स्वयंसेवा हा आज मोठा बाजार आहे. संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम १९७१पासून चालतो. जर्मनीत २०११पासून चालू असलेल्या संघराज्य स्वयंसेवा योजनेत परदेशी तरुणांनाही घेतात, खिशाला थोडे पैसे आणि विमाही देतात. युरोपीय संघाची १८ ते ३० वयोगटासाठीची योजना आहे. पण यांच्याच शेजारी 'दोन आठवडे शिकवा, दोन दिवस जंगल सफारी' असं भरमसाट शुल्क घेऊन विकणाऱ्या कंपन्याही आहेत. कॉलेजातल्या पोराला दोन्हींची माहितीपत्रकं सारखीच गुळगुळीत दिसतात. इथेही जाळं कोणतं नि कचरा कोणता हे ओळखायची वेळ येते.

ओळखायच्या खुणा पुस्तकातल्या टिपणांतूनच वर येतात. पहिली खूण : जे काम करायला इथे आपल्याला कोणी दारात उभं करणार नाही, ते तिथे करायला देत असतील तर सावध व्हा. बारावी झालेल्या मुलाला आपल्याकडे टाका घालू देत नाहीत. तिकडच्या दवाखान्यात तो घातलेला चालतो, याचा अर्थ तिकडचा रुग्ण स्वस्त समजला जातो. दुसरी खूण अनाथालयांची. नेपाळ, कंबोडिया अशा देशांत पाहुण्यांच्या देणग्यांवर चालणाऱ्या अनाथालयांतल्या अनेक मुलांचे आईवडील हयात असतात, हे वारंवार उघडकीस आलं आहे. मुलं ठेवली जातात कारण पाहुणे येतात. आपण जितके प्रेमळ, तितका तो धंदा बळकट. शिवाय दर पंधरवड्याला नवा 'दादा' येऊन लळा लावून जातो, त्या मुलांचं काय होत असेल? तिसरी खूण हिशोबाची : आपण भरलेल्या पैशातला किती वाटा गावात पोचतो, हे विचारल्यावर समोरचा विषय बदलतो का, ते बघा.

कागदपत्रांबद्दलही पुस्तकात वेगळा भाग आहे, कारण सेवेची हौस व्हिसा अधिकाऱ्याला समजावता येत नाही. पर्यटक व्हिसावर जाऊन काम करणं, मग ते बिनपगारी का असेना, अनेक देशांत नियमभंग ठरतं. ब्रिटनमध्ये पदवीच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना सहसा आठवड्याला २० तास काम करता येतं. तिथे बिनपगारी पण बांधीव वेळेचं काम या २० तासांत मोजलं जातं, आणि अधूनमधून स्वखुशीने केलेली सेवा मोजली जात नाही. हा फरक न कळल्याने भली मुलं अडचणीत येऊ शकतात. अमेरिकेतही एरवी पगार देऊन करून घेतलं जाणारं काम 'स्वयंसेवा' म्हणून करता येत नाही. केनिया किंवा युगांडाला निघालेल्याने पीतज्वराची लस किमान दहा दिवस आधी घेऊन पिवळं कार्ड जवळ ठेवावं, नाहीतर परतताना आपल्याच विमानतळावर अडकायची पाळी येते. नियम बदलत राहतात, म्हणून निघण्याआधी त्या त्या दूतावासाचं ताजं पान वाचायला हवंच.

पैशाचं दुःखही लपवायला नको. परदेशी शिकणं अजूनही मूठभरांना परवडतं. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये सुरू केलेला निधी परदेशी उच्च शिक्षणासाठी आजही कर्जाऊ शिष्यवृत्ती देतो, अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. पण निव्वळ स्वयंसेवेला जाण्यासाठी गरीब घरातल्या मुलाला मदत करणारं कोणी क्वचितच सापडतं. त्यामुळे 'जगाची सेवा केली' हे वाक्य अर्जात लिहिण्याची ऐपतही ऐपतवाल्यांनाच राहते. ज्याला जाता आलं नाही त्याने राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षांत २४० तास दिलेले असतात. १९६९ साली गांधी शताब्दीत सुरू झालेल्या या योजनेतल्या सात दिवसांच्या निवासी शिबिरांत बंधारे बांधलेली, संडासाचे खड्डे खणलेली मुलं मी पाहिली आहेत. निवड समित्यांवर बसणाऱ्यांना माझी विनंती आहे की परदेशी शिक्का आणि गावातलं शिबिर एकाच तराजूत तोलावं.

मग जावं की जाऊ नये? पुस्तक वाचून माझं मत आधीपेक्षा ठाम झालं : जावं. पण 'द्यायला चाललोय' हा आव घरी ठेवून जावं. विशीतल्या मुलाकडे द्यायला फार नसतं, आणि त्यात लाज वाटण्यासारखंही काही नाही. केनियातल्या खारफुटीच्या रोपवाटिकेत गेलेल्या मुलीने लिहिलं आहे की पहिले चार दिवस तिने फक्त चिखल भरलेल्या पिशव्या मोजल्या आणि कंटाळून रडली. पाचव्या दिवशी तिला उमगलं की मोजणी हेच तिथे राबणाऱ्या बायकांना करायला नको असलेलं, पण व्हायला हवं असलेलं काम आहे. त्यानंतर उरलेले सगळे दिवस तिने मोजणीच केली आणि निघताना तक्ते कसे ठेवायचे ते तिथल्या एका मुलीला शिकवून आली. आता ती आपल्याकडच्या खाडीतल्या खारफुटीची नोंद ठेवते. जर्मन वृद्धाश्रमात राहिलेल्या मुलाचं टिपण तर एका ओळीवर उभं आहे : आजोबांना भरवायला शिकल्यावर मला माझ्या आजोबांना कधीच भरवलं नाही हे आठवलं. याला कोणी सेवा म्हणेल, कोणी शिक्षण. मी दोन्ही म्हणेन.

टिपणं संपादित करताना भाषा मी फारशी सारखी केलेली नाही. ज्याने जसं लिहिलं तसं ठेवलं आहे. पालकांनी शेवटचा, खर्चाचा आणि विम्याचा भाग आधी वाचला तरी हरकत नाही. मुलांनी मात्र पहिल्यापासून वाचावं आणि फजितीची पानं गाळू नयेत.

मुखपृष्ठावर डोल जाळ्याचा फोटो आहे. मावशींच्या परवानगीने त्यांच्याच अंगणात काढलेला. छापखान्यातल्या तरुणाने प्रूफ दाखवताना विचारलं, "सर, पुस्तक परदेशाचं आणि वर कचऱ्याचा फोटो का?" त्याला येत्या शनिवारी वेसाव्याला बोलावलं आहे.

यारी रोड, वर्सोवा